हातचा एक

कल्याण, १८२०च्या सुमारास

तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि तुमच्या मांडीवर धूळपाटी आहे. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरलेली, हातात टोकदार काडी. काडी ओढली की धुळीखालचं लाकूड उघडं पडतं आणि आकडा उमटतो. फळी जराशी हलवली की मोडतो. कागद महाग, शाई महाग. चूक मात्र इथे फुकट आहे.

पेशवाई बुडून दोन-चार वर्षं झाली आहेत. तुम्ही बसला आहात ती वाड्याची ओसरी सकाळीच शेणानं सारवलेली, अजून ओलसर. पंतोजी खांबाला टेकून बसलेत, छडी हाताशी. पोरं वीस-पंचवीस आणि प्रत्येकाचं निराळंच चाललेलं: कुणी मुळाक्षरं घोटतोय, कुणी मोडीचं वळण गिरवतोय, कुणी पाढे म्हणतोय. एकटा माणूस किती जणांकडे बघणार? म्हणून थोरल्याच्या हाताखाली धाकटा, ही इथली रीत. आज तुमच्यापुढे आठ वर्षांचा एक पोरगा बसवला आहे. त्याला औटकी शिकवायची आहे.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. धान्य मोजताना, कापड फाडताना, व्याज लावताना अर्धेमुर्धे आकडेच जास्त भेटतात, म्हणून अपूर्णांकांचेही पाढे. औट म्हणजे साडेतीन. तुम्हाला झोपेतून उठवलं तरी औटकी येते. तुम्ही सांगता, "सात औट साडेचोवीस."

पोरगा विचारतो, "कसं?"

"कसं म्हणजे? तसंच. पाठ कर."

तो गप्प बसतो, पण त्याच्या डोळ्यांतलं 'कसं' काही जात नाही. तुम्ही काडी उचलता आणि तुमच्या लक्षात येतं, की हा प्रश्न तुम्हाला स्वतःला कधी पडलाच नव्हता. धुळीवर सात रेघा ओढता. प्रत्येक रेघ म्हणजे साडेतीन. साडेतीन म्हणजे तीन आणि वर अर्धा.

"हे बघ. आधी नुसते तीन-तीन धर. सात त्रिक?"

"एकवीस."

"आता सात अर्धे राहिले. साताची निमकी?"

"साडेतीन." तो क्षणभर थांबतो आणि ओरडतो, "एकवीस नि साडेतीन, साडेचोवीस! म्हणजे तिनाचा पाढा नि निमकी येत असली, तर औटकी विसरली तरी चालेल?"

पंतोजी मान वर करून बघतात. तुम्ही खाली बघता. दोन वर्षं औटकी म्हणताय, पण तिच्या आत दोन पाढे एकत्र नांदतात हे तुम्हाला आज, एका धाकट्या पोराच्या तोंडून कळलं. दिवेलागणीला सगळी पोरं रांगेत उभी राहून परवचा म्हणतात. ओळ तीच, सूर तोच, पण 'सात औट'पाशी आल्यावर तुम्हाला एकवीस आणि साडेतीन वेगवेगळे ऐकू येतात.

तिकडे मद्रासेत १७९०च्या दशकात अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्यानं अशीच मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढताना पाहिली होती. त्याच्या हाताखालच्या अनाथाश्रमात त्यानं मुलांनाच मुलांचे शिक्षक केलं आणि १७९७मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापलं. विलायतेत या रीतीला 'मद्रास पद्धत' हे नाव पडलं. एका मास्तरावर पुष्कळ मुलं शिकतात, खर्च वाचतो, ही तिची कीर्ती. पण कल्याणच्या ओसरीवर तुम्हाला मिळालं ते वाचलेल्या खर्चापेक्षा मोठं आहे. ज्याला येतं असं वाटतं त्याला कुणीतरी 'कसं' विचारलं, की त्यालाही खरोखर यायला लागतं.

ठाणे, १९२०च्या सुमारास

मध्ये एक शतक गेलं आहे आणि त्या शतकानं या मुलखात रूळ टाकले आहेत. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला थांबली; पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात ती कल्याणला पोचली. धुळीच्या जागी दगडी पाटी आली, पंतोजींच्या जागी मास्तर आले, औटकीच्या जोडीला आगगाडीची गणितं आली.

तुम्ही चौदा वर्षांचे आहात. मासुंदा तलावाच्या पायरीवर बसला आहात, मागे कोपिनेश्वराच्या देवळातली घंटा मधूनच वाजते. शेजारी वर्गातला मित्र. दोघांत एकच पाटी, कारण त्याची आज सकाळी फुटली. गणित असं: ठाणे ते कल्याण १२ मैल. ठाण्याहून एक गाडी ताशी १८ मैल वेगानं निघाली. त्याच वेळी कल्याणहून एक मालगाडी ताशी ६ मैल वेगानं ठाण्याकडे निघाली. दोघी कधी आणि कुठे भेटतील?

पेन्सिल तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हीच सुरू करता. "पहिलीला बारा मैलांना चाळीस मिनिटं. दुसरीला दोन तास. दोन्हींची मिळून एकशे साठ मिनिटं, त्याचे निम्मे ऐंशी. ऐंशी मिनिटांनी भेटतील."

एकटे असता तर पाटी पुसून पुढच्या गणिताकडे वळला असता. पण शेजारचा कपाळाला आठ्या घालून म्हणतो, "अरे, पण ऐंशी मिनिटांत पहिली गाडी कल्याण सोडून कर्जतच्या वाटेला लागली असेल की!"

तुम्हाला राग येतो. मग हसू येतं. मग दोघंही गप्प होता. तो दोन खडे उचलतो, एक पायरीच्या या टोकाला ठेवतो, एक त्या टोकाला. दोन्ही हातांनी त्यांना हळूहळू एकमेकांकडे सरकवतो. आणि खडे सरकताना तुम्हाला दिसतं, की बघायचं ते खड्यांकडे नाही, मधल्या मोकळ्या पायरीकडे. ती आक्रसते आहे.

"तासाला हिच्या बाजूनं अठरा मैल खाल्ले जातात," तुम्ही म्हणता.

"नि तिच्या बाजूनं सहा."

"मिळून चोवीस. अंतर बारा."

"अर्धा तास!"

अर्ध्या तासात ठाण्याची गाडी नऊ मैल आलेली असणार. नऊ मैलांवर काय आहे? तो या रुळांवरून मामाकडे जातो, त्याला स्टेशनं पाठ आहेत. "डोंबिवली," तो म्हणतो.

आता उत्तर कुणाचं? खडे त्याचे, मोकळी पायरी तुम्हाला दिसली, पेन्सिल तुमची, चूक पकडली त्यानं. वाटणी करायला गेलात तर करता येत नाही. वेग दोन गाड्यांचे होते, पण गणित सुटलं ते दोघींच्या मधल्या जागेत.

याच वर्षांत याच ठाण्यात एक मुलगा माध्यमिक शाळेत शिकतो आहे. १९०५ साली डहाणूला जन्मलेला, आठव्या वर्षी आईला पारखा झालेला. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद असलेले. त्या नादातली आकडेमोड मुलाच्या अंगात मुरली आहे. गणिती कोडी सोडवण्यात त्याचे तासन् तास जातात. नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९२३ला तो पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात जाईल, १९२७ला स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचं पारितोषिक मिळवेल. तुम्हाला त्याचं नावही ठाऊक नाही. पण पायरीवरच्या खड्यांनी ज्या स्टेशनाचं नाव आत्ता सांगितलं, तिथे तुमची आणि त्याची गाठ पडणार आहे.

डोंबिवली, काही वर्षांनंतर

बोरीबंदरपासून ३० मैल. लहानसं स्टेशन, फलाटाच्या पलीकडे भातखाचरं, चिखलात उभे बगळे. गाडीला वेळ आहे. तुम्ही आणि तोच मित्र लाकडी बाकावर बसला आहात. आता दोघांना मिसरूड फुटली आहे. मांडीवर जुन्या जाहिरातीचा पाठकोरा कागद, आणि आजही पेन्सिल एकच.

"अकराचा वर्ग?"

"एकशे एकवीस."

"एकशे अकराचा?"

हा तोंडी येत नाही. तुम्ही एकशे अकरा तीनदा मांडता, दर ओळ एक घर डावीकडे सरकवून. जिना तयार होतो. बेरीज: १२३२१. चार एक घेतले तर १२३४३२१. आकडे जिना चढतात आणि उतरतात.

"नऊ एकांपर्यंत जाऊ," मित्र म्हणतो आणि न मांडताच सांगतो, "१२३४५६७८९८७६५४३२१."

तुम्ही कल्याणच्या ओसरीवरचा तो शब्द उच्चारता. "कसं?"

त्याला थांबावं लागतं. तो जिन्याकडे बोट करतो. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच एक आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या स्तंभात सगळ्यांत जास्त, नऊ. मग पुन्हा एकेक कमी. स्तंभातले एक मोजायचे, तोच आकडा खाली लिहायचा. आता पाठांतर राहिलं नाही, घडण दिसली.

आणि मग तुम्हाला आणखी एक गंमत दिसते. १२३२१मधला मधला ३ बोटानं झाकता. डावीकडे १२ उरतात, उजवीकडे २१. बेरीज ३३. झाकलेला आकडाही ३! मित्र कागद ओढून घेतो. १२३४३२१: डावीकडे १२३, उजवीकडे ३२१, बेरीज ४४४, मध्ये ४. नऊ एकांचा वर्ग: १२३४५६७८ आणि ८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९, मध्ये ९. दोन टोकं एकमेकांत मिळवली की मध्ये जे बसलंय तेच पुन्हा पुन्हा येतं.

"दहा एक घेऊ," तुम्ही म्हणता.

इथे फलाट शांत होतो. मधल्या स्तंभात दहा एक आहेत आणि दहा एका घरात मावत नाहीत. तुम्ही घाईनं शून्य लिहिता आणि पुढे जाता.

"हातचा?" मित्र विचारतो.

एवढा एकच शब्द. पण तुम्ही तो विसरला होता आणि शेजारी कुणी नसतं तर विसरलेलाच राहिला असता. हातचा एक डावीकडे जातो. तिथे नऊ आहेत, ते दहा होतात. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. पुढच्या घरात आठ होते, त्यांचे नऊ होतात आणि लोंढा तिथे थांबतो. १२३४५६७९००९८७६५४३२१. सुंदर जिना मध्येच खचला आहे. मधलं शून्य झाकून दोन्ही बाजू मिळवता, १२३४५६७९० आणि ९८७६५४३२१. दोघं मिळून अंकांखाली अंक लिहिता. उत्तर येतं १११११११११. नाही, मित्र पुन्हा मोजतो, एक जास्त आहे: ११११११११११. दहा एक. ज्या संख्येचा वर्ग करायला बसलात, तीच परत आली.

मध्ये शून्य आणि बेरजेत सगळे एक. नियम मोडला की आणखी खोल गेला? गाडीचा धूर दिसतो. कागद घडी करून मित्राच्या खिशात जातो. प्रश्न मात्र दोघांच्या डोक्यात राहतो.

याच स्टेशनावर कापरेकरांना या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली. स्टेशनाला ते 'डेम्लो' म्हणत. म्हणून संख्याही डेम्लो. १, १२१, १२३२१ या घराण्याला त्यांनी 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हटलं. पण डेम्लो कुळ त्याहून मोठं आहे. २५५३ घ्या: डावीकडे २, उजवीकडे ३, मध्ये ५ आणि ५. डावा तुकडा, उजवा तुकडा आणि दोघांच्या मधोमध त्यांची बेरीज, हवी तितकी घरं व्यापून.

मुंबई, १९३९

आता तुम्ही एका ग्रंथालयात उभे आहात. हातात मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकाचा ताजा अंक. लेखाचा विषय: डेम्लो संख्यांचा सिद्धांत. लेखकांच्या जागी नावं दोन आहेत, के. आर. गुंजीकर आणि डी. आर. कापरेकर.

ही दोन नावं नीट बघा. कापरेकर नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत गणित शिकवतात; १९६२ला निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवतील. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलेलं नाही. देशातले पुष्कळ गणिती त्यांच्या कामाकडे आकड्यांचे खेळ म्हणून बघतात. आदल्या वर्षी, १९३८ला, अद्भुत डेम्लो संख्यांवर त्यांनी एकट्यानं लेख छापला होता. या वर्षी सिद्धांत मांडताना मात्र त्यांच्या नावाशेजारी दुसरं नाव आहे.

पुढे १९४९ला मद्रासच्या गणित परिषदेत ते ६१७४ या संख्येची नवलाई सांगतील. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढत्या क्रमानं लावलेले वजा करा, आणि हेच करत राहा. ३५२४ पासून निघालात तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात पावलांत प्रत्येक वाट त्याच घरी येते. १९७५ला मार्टिन गार्डनर अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्याविषयी लिहितील आणि देवळालीचे मास्तर जगाला माहीत होतील.

कापरेकरांना संख्यांचा एकांत प्रिय होता, यात शंका नाही. पण एकांतात सुचलेलंही कुणाला तरी सांगावं लागतं आणि सांगताना ते घट्ट होतं. देवळालीच्या वर्गातला मुलगा असो वा विद्यापीठाच्या पानावरचा सहलेखक, 'कसं' विचारणारं माणूस लागतं.

डोंबिवली, आज

तुम्ही तुमच्या खऱ्या वयात परत आला आहात. संध्याकाळचे सात. ती भातखाचरं कधीच संपली. खिडकीखालून रिक्षांची रांग सरकते आहे आणि लांबून फास्ट लोकलचा भोंगा येतो. डायनिंग टेबलाशी तुमच्या घरातली दहावीतली मुलगी आणि कल्याणहून आलेली तिची मैत्रीण बसल्या आहेत. समोर एकच वही, पण लिहिते आहे एकटी तुमचीच मुलगी. दुसरी मान हलवत उतरवून घेते आहे. दोघी मिळून अभ्यास करताहेत असं बाहेरून दिसतं, पण शिकते आहे एकच.

तुम्हाला शाळेतली चाचणी परीक्षा आठवते. बाकावर दोघं, आणि बाईंचा हुकूम: मध्ये दप्तर ठेवा. परीक्षेत ते योग्यच. पण परीक्षा संपल्यावर ते दप्तर उचलायला आपण विसरलो. शेजाऱ्याला विचारणं म्हणजे चोरी आणि शेजाऱ्याला सांगणं म्हणजे नुकसान, असं मनात बसलं. डेम्लो संख्येत बेरीज जिथे असते, तिथे आपल्या बाकावर दप्तर असतं.

१९७०च्या दशकात अमेरिकेत बर्कली विद्यापीठात युरी ट्रीझमन या तरुण गणितज्ञानं कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा दिनक्रम पाहिला. ती मुलं कष्टाळू होती, तासन् तास अभ्यास करत होती, पण एकटी. चांगले गुण मिळवणारे चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसत, एकमेकांची उत्तरं तपासत, अडलेलं बोलून मोकळं करत. ट्रीझमननं मागे पडणाऱ्यांसाठी सोप्या शिकवण्या काढल्या नाहीत. त्यानं कठीण गणितं दिली आणि ती मिळून सोडवायला बसवलं, आणि ही मुलं कॅल्क्युलसमध्ये पुढे आली. त्याच देशात आर्थर व्हिम्बी आणि जॅक लॉकहेड यांनी जोडीसाठी साधी शिस्त सांगितली: एकानं डोक्यात येईल ते मोठ्यानं बोलत गणित सोडवायचं, दुसऱ्यानं ऐकायचं आणि एकही पायरी न समजता पुढे जाऊ द्यायची नाही. मग जागा बदलायच्या. ऐकणाऱ्यानं उत्तर सांगायचं नाही, विचारायचं.

तुम्ही टेबलापाशी जाता आणि एक पेन काढून घेता. "एकच पेन. जिच्या हातात पेन, तिनं फक्त दुसरी सांगेल तेवढंच लिहायचं." मग कोऱ्या पानावर दहा एकांचा तो खचलेला जिना लिहून देता. "हा इथे मोडलाय. अकरा एकांचं काय होतं ते बघा."

पेन मैत्रिणीच्या हातात जातं. सांगायची पाळी तुमच्या मुलीची. पहिली पाच मिनिटं अवघड जातात. तिला उत्तर दिसतं पण सांगता येत नाही. "अगं, मधल्या कॉलममध्ये अकरा एक आहेत, एक लिही आणि..."

"आणि हातचा?" लिहिणारी विचारते.

तुमच्या जिभेवर उत्तर येतं. तुम्ही ते गिळता. मोठ्या माणसाला या खोलीत करता येण्याजोगं सगळ्यांत अवघड काम हेच आहे. दोघी कुजबुजतात, खोडतात, पुन्हा मांडतात. "दहा नि एक हातचा, अकरा." "मग पुढे पण हातचा येणार." "मधल्याला उजवीकडून पण येतो ना गं हातचा? मग तिथे एक नाही, दोन." मघा नुसती मान हलवणारी मुलगी आता खुर्चीवर गुडघे टेकून पुढे वाकली आहे.

१२३४५६७९०१२०९८७६५४३२१.

मधला आकडा २. मैत्रीण तो तळहातानं झाकते. डावीकडे १२३४५६७९०१. उजवीकडे ०९८७६५४३२१. तुमची मुलगी एकेक अंक सांगते, ती लिहिते. एक नि एक दोन. शून्य नि दोन, दोन. नऊ नि तीन बारा, दोन लिही, हातचा एक. सात नि चार अकरा, हातच्यासकट बारा. दोन. पुन्हा दोन. पुन्हा दोन.

२२२२२२२२२२. आणि मैत्रीण हात उचलते. मध्ये २.

दोघी एकदम ओरडतात. दहापाशी मोडलेला वाटलेला नियम अकराला पुन्हा उभा आहे. फलाटावर घडी घालून खिशात गेलेला कागद या टेबलावर उलगडला. तुमच्या तोंडून उत्तराचा एक शब्दही गेलेला नाही.

खाली लोकल स्टेशनात शिरते, तिच्या धडधडीनं खिडकीचं तावदान हलतं. मैत्रिणीला आता निघायला हवं. पण ती उठत नाही. पेन तुमच्या मुलीच्या हातात देते आणि म्हणते, "बारा. आता मी सांगते, तू लिही."